5 आणि 10 पेट्या मिळून 510?

आंबाविक्रीचं वेबपान शिकता शिकता बनवताय? एका चौकटीत 5 पेट्या, दुसरीत 10 टाकल्या की जावास्क्रिप्ट 15 ऐवजी 510 दाखवते. चौकटीतून येतो तो मजकूर, आणि अधिक चिन्ह मजकूर नुसता एकापुढे एक चिकटवतं. गुणाकार मात्र बरोबर येतो, म्हणून चूक उशिरा कळते.

1. प्रत्येक व्हॅल्यू आधी ‘नंबर’ फंक्शनमधून काढा, मगच बेरीज. उलटं केलंत तर 510च.

2. देवगडचं गिऱ्हाईक मराठी कीबोर्डवरून १२ टाकणारच! तिथे ‘नंबर’ हात वर करून ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) देतं. म्हणून त्याच्याही आधी ‘रिप्लेस’ने ० ते ९ यातला प्रत्येक अंक पकडा आणि त्याच्या ‘चारकोडअ‍ॅट’मधून, म्हणजे त्या अक्षराच्या कोड नंबरातून, 2406 वजा करा, मराठी शून्याचा (०) कोड तोच आहे. पॅटर्नला ‘जी’ फ्लॅग (सगळे अंक बदला, अशी खूण) हवाच, नाहीतर पहिलाच अंक बदलून ‘1२’ उरतं.

3. चौकटीचा टाइप ‘टेक्स्ट’ ठेवा. ‘नंबर’ टाइपमध्ये काही ब्राउझर मराठी अंक घेतच नाहीत.

तपासायला एफ12 दाबून ब्राउझरचा कन्सोल (कोड चालवून बघायची खिडकी) उघडा. पावसात रेंज गेली तरी चालतं.

जपा एवढंच: रिकाम्या चौकटीचं ‘नंबर’ गुपचूप 0 करतं. चौकट रिकामी आहे का, ते आधी बघा.