हेमीग्राफिस या जमिनीलगत पसरणाऱ्या शोभेच्या झाडाची जांभळी पानं हिरवट पडून मधे टक्कल पडत असेल तर (माझा अनुभव)

लक्षण असं: आंब्याखाली पसरलेल्या हेमीग्राफिसची पानं वरून करडी-जांभळी आणि खालून गर्द जांभळी असायची, ती हिरवट झाली. दांडे लांबट, बुडाशी उघडे. वाफ्याच्या मधोमध नुसती माती.

युरियाने पाला वाढला, रंग आणखी गेला. पाणी वाढवलं तर दांडे बुडातून कुजले. दुपारच्या उन्हात हलवलेली रोपं कडांनी करपली. पार वैतागलो होतो.

जमलं ते असं. आधी आंब्याची पूर्वेकडची खालची फांदी छाटली, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी सावली राहते. रंगाची गोम उजेडात आहे, खतात नाही. मग जूनमध्ये दोन-तीन सरी पडल्यावर जुने दांडे जमिनीपासून बोटभर ठेवून कापले. आंब्याची मुळं सांभाळत वरची माती खुरप्याने मोकळी केली, त्यात ओंजळ-ओंजळ गांडूळखत मिसळलं. कापलेल्या शेंड्यांचे 10 सेंमीचे तुकडे करून खालची पानं काढली आणि दोन पेरं (दांड्यावर पानं फुटतात ते सांधे) मातीत जातील असे 15 सेंमी अंतरावर खोचले. मुळं पेरातूनच फुटतात, म्हणून माती अंगठ्याने घट्ट दाबायची. (अबोली-कोरांटीच्या कुळातलं झाड, फांद्या चटकन जगतात.)

पाणी वरची माती सुकल्यावरच. नव्या पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. त्यानंतर बाजूने फुटवे येतात आणि टक्कल भरतं.