परदेशातून भारतीय पासपोर्ट रिन्यू करताय? या चुका टाळा

परदेशात राहणाऱ्या भारतीयाचा व्हिसा, नोकरीची कागदपत्रं, वाहन परवाना, भारतातलं एनआरई (अनिवासी भारतीयांचं) बँक खातं हे सगळं एकाच खुंटीला टांगलेलं असतं, ती म्हणजे पासपोर्ट. मोठ्या माणसांना ही खुंटी दर दहा वर्षांनी बदलावी लागते. अर्ज भरणं तसं अवघड नाही. पण अर्ज परत येतो, फाइल महिनोन्महिने हलत नाही, किंवा नवा पासपोर्ट हातात आल्यावर दुसरीकडेच घोळ सुरू होतो. तेव्हा मुळाशी जाऊन पाहिलं तर बहुतेकदा त्याच त्या चुका सापडतात. त्यातल्या निम्म्याअधिक एकाच प्रकारच्या असतात: जुन्या पासपोर्टात आहे त्यापेक्षा वेगळं काहीतरी अर्जात लिहिलं जातं. कधी नकळत, कधी 'आलोच आहोत तर हेही नीट करून घेऊ' म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पासपोर्ट सेवा या सरकारी पोर्टलवर 'रिन्यूअल' शोधत बसू नका, 'री-इश्यू' निवडायचं असतं. जुन्या पुस्तिकेची मुदत वाढवून मिळत नाही. नवी पुस्तिका मिळते आणि तिचा नंबरही नवा असतो. पुढचे बरेच प्रश्न या नव्या नंबरामुळेच उभे राहतात.

मुदत संपेपर्यंत थांबणं

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. तरीही बहुतेकजण शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जागे होतात, कारण पासपोर्टवरची तारीख हीच खरी तारीख असं त्यांनी धरलेलं असतं. खरी तारीख त्याच्या बरीच अलीकडे असते. अनेक देश पासपोर्टात किमान सहा महिने शिल्लक असल्याशिवाय प्रवेश देत नाहीत. युरोपातल्या शेंगेन (सामायिक व्हिसाच्या) देशांत तिथून निघण्याच्या तारखेनंतर आणखी तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो. यूएईत रेसिडन्सीचं नूतनीकरण करायचं तर पासपोर्टला सहा महिने बाकी हवेत.

अमेरिकेतली अडचण जास्त फसवी आहे, कारण ती दिसतच नाही. समजा, तुमच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला ऑगस्ट २०२८ पर्यंत मंजुरी आहे, पण पासपोर्ट फेब्रुवारी २०२७ मध्ये संपतोय. भारतातून परत येताना विमानतळावरचा अधिकारी आय-९४ वर (प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची सरकारी नोंद) फेब्रुवारी २०२७ ची तारीख घालू शकतो. तुमच्या हातातल्या मंजुरीपत्रावर २०२८ असतं, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण देशात राहण्याची मुदत ठरते ती शेवटच्या प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या आय-९४ वरून. नंतर पासपोर्ट नवा केला तरी ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. त्या तारखेच्या आत नवा पासपोर्ट घेऊन देशाबाहेर जाऊन परत यावं लागतं, नाहीतर कंपनीकडून मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. म्हणून प्रत्येक वेळी परतल्यावर आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख बघायची. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते न केल्यामुळे कायदेशीर वास्तव्य धोक्यात येऊ शकतं.

नावात 'छोटीशी दुरुस्ती'

मराठी माणसाची सगळ्यात जास्त गोची इथे होते. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. पासपोर्टच्या अर्जात मात्र रकाने दोनच, गिव्हन नेम आणि सरनेम. वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये लिहायचं की नाही, हे मागच्या वेळी कोणीतरी कसंतरी ठरवून टाकलेलं असतं. एजंटाने म्हणा, काकांनी म्हणा. आता दहा वर्षांनी अर्ज भरताना आपण 'पूर्ण नाव' म्हणून तिन्ही भाग लिहितो आणि अर्जाचं कारण मात्र 'मुदत संपली' एवढंच निवडतो. मग एकतर कागदपत्रं मागवणारा ईमेल येतो, किंवा नावात खरंच बदल होतो. दुसरं जास्त वाईट. व्हिसावर 'आरती देशपांडे', नव्या पासपोर्टवर 'आरती सुरेश देशपांडे'. मग विमान कंपनीपासून पगार खात्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन्ही माणसं एकच आहेत हे पटवून देत बसावं लागतं.

म्हणून जुना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि एकेक अक्षर तसंच्या तसं उतरवा. स्पेलिंग आज खटकत असलं तरी. एखादा 'ए' जास्त असला तरी. जन्मस्थळाचंही तेच. जुन्या पासपोर्टात 'बॉम्बे' असेल तर आता मुंबई लिहावंसं वाटतं. औरंगाबादला जन्मलेल्यांना छत्रपती संभाजीनगर लिहायचं की काय, असा प्रश्न पडतो. जन्मदाखल्यात आणि जुन्या पासपोर्टात जे आहे, तेच राहू द्या.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, ही समजूत अजून घट्ट आहे. पासपोर्टसाठी तशी कोणतीही सक्ती नाही. स्वतःचं नाव आहे तसं ठेवून जोडीदाराच्या नावाची नोंद तेवढी करून घेता येते. ज्या बाईचा व्हिसा, पदव्या, नोकरी सगळं माहेरच्या नावावर आहे, तिने सासरच्यांच्या आग्रहाखातर परदेशात असताना पासपोर्टातलं नाव बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बदलायचंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवून, व्हिसाचं कोणतंही काम चालू नसताना बदला.

बदल करून घ्यावा अशी एक परिस्थिती मात्र आहे. काहींच्या जुन्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामाच असतो, सगळं नाव एकाच ओळीत. अमेरिकी व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ('फर्स्ट नेम अननोन', म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं. यूएईने तर नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट आणि पर्यटक व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. अशांनी नावाची नीट फोड करून घेणंच शहाणपणाचं.

कोणताही बदल असो, तो अर्जात उघडपणे सांगा. री-इश्यूच्या कारणांमध्ये 'वैयक्तिक तपशिलात बदल' हा पर्याय निवडला की खाली यादी येते: नाव, सही, चेहरा, जोडीदाराचं नाव, पत्ता, ईसीआर ('एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' हा शिक्का) काढणं. जे बदलतंय त्यावर खूण करायची. पत्ता बदललाय पण खूण केली नाही, अशी चूक फार सर्रास होते. ईसीआरचंही लक्षात ठेवा. जुन्या पासपोर्टावर तो शिक्का असेल आणि तुम्ही दहावी पास असाल, तर दहावीचं प्रमाणपत्र जोडून तो आत्ताच काढून घ्या. आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांना त्या शिक्क्यामुळे भारताबाहेर जाण्यासाठी एमिग्रेशनची वेगळी मंजुरी घ्यावी लागते.

कुलूप लावलेल्या फ्लॅटचा पत्ता

अर्जात भारतातला पत्ता विचारतात. गरज वाटली तर दूतावास भारतातल्या पोलिसांकडून पडताळणी करून घेतो. ती कधी पासपोर्ट देण्याआधी होते, कधी दिल्यानंतर. आपण सवयीने आपल्या पुण्यातल्या फ्लॅटचा पत्ता देतो. फ्लॅट भाड्याने दिलेला असतो, नाहीतर बंद. हवालदार जातो, भाडेकरू म्हणतो 'असं कोणी इथे राहत नाही', आणि अहवाल प्रतिकूल जातो. पोलिसांचं यात काही चुकलेलं नसतं.

जिथे तुम्हाला ओळखणारं माणूस राहतं, असा पत्ता द्या: आईवडील, सासर, भाऊ. मात्र त्या पत्त्याचा तुमच्या नावाचा पुरावाही हवा. घरच्यांना आधी फोन करून ठेवा: पोलीस येतील, तुमच्या जुन्या पासपोर्टची प्रत आणि आधारची प्रत दाखवायची, 'मुलगा कामानिमित्त अमुक देशात आहे' असं नीट सांगायचं. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवलं तर उत्तम, कारण चौकशी त्यांच्याकडेही होऊ शकते. प्रतिकूल अहवाल आलाच, तर संबंधित दूतावासाला ईमेल करून योग्य पत्ता आणि पुरावा कळवावा आणि फेरपडताळणीची विनंती करावी.

फोटो

सर्वात जास्त अर्ज कशावरून अडतात, असं कोणी विचारलं तर मी फोटो म्हणेन. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशातल्या भारतीय दूतावासांनी आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांप्रमाणे फोटो सक्तीचा केला आहे. ऑनलाइन फोटो ६३० गुणिले ८१० पिक्सेलचा, पार्श्वभूमी पांढरी, आणि फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला हवा. अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानात मिळतो तो दोन इंची चौकोनी फोटो या मापात बसत नाही, कारण हे माप उभं आयताकृती आहे. फोटो काढणाऱ्याला 'भारतीय पासपोर्टसाठी' असं सांगून भागत नाही, माप लिहून न्या.

मोबाइलवर फोटो काढून ॲपने पार्श्वभूमी पांढरी करण्याचा मोह टाळा. झूम करून पाहा, कानापाशी केसांची कड कापल्यासारखी दिसते, खांद्याभोवती फिकट रेघ उमटते. संगणकावर फेरफार केलेला फोटो चालत नाही आणि तो ओळखू येतो. पांढऱ्या भिंतीपासून थोडं पुढे उभं राहून, समोरून दिवसाचा उजेड घेऊन फोटो काढा. चष्मा काढा. पांढरा शर्ट नको.

सही चौकटीच्या आतच हवी, कडेला टेकलेलीही नको. जुन्या पासपोर्टात मराठीत सही असेल आणि आता इंग्रजीत करत असाल, तर तो बदल धरला जातो.

चुकीचा दरवाजा

दूतावास आणि वाणिज्य दूतावासांचं कार्यक्षेत्र ठरलेलं असतं. अमेरिकेत ते राज्यांनुसार वाटलेलं आहे, आणि २०२३ मध्ये सिएटलचं कार्यालय सुरू झाल्यावर काही राज्यांची वाटणी बदलली. मागच्या वेळी मित्राने जिथे पाठवला तिथेच पाठवू, असं करू नका. तुमच्या सध्याच्या पत्त्याचा पुरावा ज्या कार्यक्षेत्रात येतो, तिथेच अर्ज जातो.

बऱ्याच देशांत अर्ज स्वीकारण्याचं काम व्हीएफएस किंवा बीएलएससारख्या कंपन्यांकडे दिलेलं असतं. अशा ठिकाणी फॉर्म दोन भरावे लागतात: सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलचा आणि कंपनीचा. सरकारी फॉर्म दोनदा भरला गेला तर एआरएन (अर्जाचा संदर्भ) क्रमांकही दोन तयार होतात आणि नेमका जुना प्रिंट पाकिटात जातो. पाकीट चिकटवण्याआधी सगळ्या कागदांवरचा एआरएन एकच आहे ना, बघा. तुमच्या व्हिसाची किंवा रेसिडन्सीची प्रत जोडायची राहून जाणं हीही नेहमीची चूक. पासपोर्ट सेवेचा खरा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. मिळत्याजुळत्या नावाच्या साइट्स जादा पैसे उकळतात आणि तुमची माहितीही घेतात.

सुट्टीवर गेल्यावर करू

भारतात गेल्यावर पासपोर्ट काढता येतो, आणि तीन-चार महिने राहणार असाल तर काढाही. पण तीन आठवड्यांच्या सुट्टीत पासपोर्ट आणि व्हिसा स्टॅम्पिंग दोन्ही उरकायचा बेत करू नका. व्हिसाच्या अर्जात पासपोर्टचा नंबर लिहिलेला असतो. मध्येच नंबर बदलला की तो अर्ज नव्याने भरावा लागतो, आणि पासपोर्ट एका वेळी एकाच कार्यालयात असू शकतो.

मुलांचे पासपोर्ट

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठीच असतो. आपला दहा वर्षांचा असल्यामुळे हे डोक्यातून जातं आणि तिकीट काढल्यावर लक्षात येतं. आई आणि वडील दोघांच्याही सह्या लागतात. दोघांपैकी एकजण दुसऱ्या देशात असेल तर संमतीपत्र तिथून रीतसर साक्षांकित करून मागवायला वेळ जातो, तो धरून चाला.

नवा पासपोर्ट आल्यानंतर

पाकीट फोडल्याफोडल्या नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, स्पेलिंग तपासा. छपाईची चूक असेल तर त्याच दिवशी कळवा. जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. त्यात वैध व्हिसा असेल तर तो चालतो, पण दोन्ही पासपोर्ट सोबत न्यावे लागतात. जुना घरी ठेवून विमानतळावर गेलात तर तिथूनच परत यावं लागेल.

मग नवा नंबर सगळीकडे कळवायचा. ब्रिटनमध्ये आता ई-व्हिसा असल्यामुळे यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्यात नवा पासपोर्ट जोडावाच लागतो, नाहीतर विमान कंपनीला तुमचा व्हिसा दिसणार नाही. जर्मनीत रेसिडन्स कार्डाची मुदत सहसा पासपोर्टशी बांधलेली असते, म्हणून तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ लगेच घ्या. कंपनीचा एचआर विभाग, आधीच काढलेली तिकिटं आणि भारतातल्या बँकेचं केवायसी राहू देऊ नका.

आणि ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय, त्यांनी भारतीय पासपोर्ट रिन्यू करण्याचा प्रयत्नही करू नये. नागरिकत्व कायदा १९५५ प्रमाणे ते घेतल्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला घ्यायचा असतो. जुना भारतीय पासपोर्ट जवळ ठेवणं आणि वापरणं दंडाला पात्र आहे.

अडकलंच तर

फाइल क्रमांक आणि जन्मतारीख टाकून पासपोर्ट सेवेवर स्थिती बघता येते. 'पोलीस पडताळणी प्रलंबित' दिसत असेल तर दूतावासाला फोन करण्याआधी भारतातल्या घरच्यांना पोलीस ठाण्यात विचारायला सांगा, काम तिथे लवकर हलतं. घाई असेल तर जादा शुल्क भरून तत्काळचा पर्याय आहे. कुणाच्या आजारपणामुळे ताबडतोब भारतात जायचं असेल आणि पासपोर्ट हातात नसेल, तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. पण ते फक्त भारतात जाण्यापुरतं, परतीसाठी नवा पासपोर्ट लागतोच. ईमेलला उत्तरच येत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीत एआरएन, फाइल क्रमांक, अर्जाची तारीख आणि आतापर्यंतचा पत्रव्यवहार थोडक्यात लिहा.