स्टर्न ड्राइव्हचं गिअर ऑइल

पावसाळ्यात मांडवीतल्या बोटी वर काढल्या की गोव्यातल्या बेतीत माझं पहिलं काम हेच: स्टर्न ड्राइव्हचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर असलेल्या, पंखा फिरवणाऱ्या गिअरच्या भागाचं तेल बदलणं. ड्राइव्ह पूर्ण खाली, सरळ उभा ठेवा. खालचा ड्रेन स्क्रू काढा, मग वरचा व्हेंट, म्हणजे हवेचा स्क्रू. वरचा उघडेपर्यंत तेल नीट वाहतच नाही.

आता घाई नको. पहिली धार बोटावर घेऊन बघा. काळपट असेल तर ठीक. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय: सील तपासल्याशिवाय नवं तेल ओतणं म्हणजे पैसे मांडवीत टाकणं. खालच्या लोहचुंबकी स्क्रूवर बारीक राखाडी चिखल चालतो, पण टोचणारे तुकडे दिसले तर गिअर उघडावाच लागेल.

भरायचं मात्र खालूनच, हातपंपाने. वरून ओतलं की आत हवा अडकते. वरच्या भोकातून बुडबुडे नसलेलं तेल आलं की आधी वरचा स्क्रू घट्ट करा, मगच पंप काढून खालचा पटकन लावा. वॉशर दोन्ही नवेच. त्यात कसली काटकसर? ग्रेड मॅन्युअलमधलाच, गाडीचं उरलेलं तेल नको. तासाभराने पातळी पुन्हा बघा. जुनं तेल डब्यात भरून गॅरेजला द्या, नदीत नाही.