कंटेंटसाठी ‘काही सुचत नाही’ म्हणजे नेमकं कुठे अडतं?

लेख, व्हिडिओ किंवा पॉडकास्ट करायला नव्याने लागलेल्यांची सगळ्यात मोठी तक्रार असते, ‘काही सुचत नाही’. या एका वाक्यात तीन वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कागद घेऊन बसल्यावर पाच-सहा मुद्द्यांपुढे यादीच सरकत नसेल, तर डोक्यात पुरेसा कच्चा माल गेलेला नाही. यादी लांबलचक होते पण त्यातलं काहीच करावंसं वाटत नसेल, तर निवडीचे निकष ठरलेले नाहीत. आणि निवडलेली कल्पना दर वेळी अर्ध्यावर पडत असेल, तर तिचा आवाका मोठा आहे. आधी आपलं दुखणं यातलं कोणतं ते ओळखावं. ज्याची अडचण निवडीची आहे, त्याने आणखी वाचत बसून काही साधत नाही.

त्याआधी विषय आणि कल्पना यांतला फरक पक्का करू. ‘घरातली झाडं’ हा विषय. ‘पानं पिवळी पडली की नवखा माणूस पाणी वाढवतो, पण कुंडीतल्या झाडाचं नुकसान बऱ्याचदा जास्त पाण्यानेच झालेलं असतं’ ही कल्पना. तिच्यात एक ठरावीक माणूस आहे, तो चुकतो तो क्षण आहे आणि सांगणाऱ्याचं एक ठाम म्हणणं आहे. वहीत शंभर विषय असूनही लिहायला काही नाही असं वाटतं, ते या तीन गोष्टी नसल्यामुळे.

म्हणून नोंद करतानाच ती कल्पनेच्या जवळ नेऊन ठेवावी. ‘झाडं, पाणी’ असे दोन शब्द लिहून ठेवले, तर पंधरा दिवसांनी त्यातून काहीही आठवत नाही. नोंद किमान एका पूर्ण वाक्याची हवी, साधारण १५ ते २५ शब्दांची: कोण अडलं, कशावर, आणि आपल्याला त्यात काय खटकलं. सोबत तारीख आणि ती कुठून आली एवढंच. त्या क्षणी टॅग लावू नका, वर्गवारी करू नका. त्या कामाचा कंटाळा येतो आणि मग नोंदच राहून जाते. नोंदींची जागा एकच असावी. वही असो, फोनमधलं नोट्स अ‍ॅप असो की स्वतःलाच पाठवलेले व्हॉइस नोट्स, तीन ठिकाणी विखुरलेल्या नोंदी कधीच एकत्र वाचल्या जात नाहीत. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढून हा ढीग उपसायचा आणि ज्या नोंदीचा अर्थ आता लागत नाही ती पुसून टाकायची.

स्क्रीनशॉट आणि ‘सेव्ह’ केलेल्या पोस्टी हा इथला मोठा सापळा आहे. साठवताना काम केल्यासारखं वाटतं, पण त्या पुन्हा उघडल्या जात नाहीत. त्यासाठी एक कडक नियम पुरतो: हे का ठेवतो आहोत ते स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहिता येत नसेल, तर ठेवायचं नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० टिपणचिठ्ठ्या लिहिल्या. हा आकडा सगळे सांगतात. पण त्या संग्रहाचं बळ होतं ते वाचलेलं स्वतःच्या भाषेत उतरवण्यात आणि एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक टाकून त्या जोडण्यात.

कच्चा माल कुठून आणायचा? आमच्या मते सगळ्यात कसदार जागा म्हणजे तेच तेच समजावून सांगायची वेळ. एकच गोष्ट तिसऱ्या माणसाला समजावताना जो क्रम आपोआप लागतो, तो जवळपास तयार मजकूरच असतो. दुसरी जागा मतभेदाची: तुमच्या क्षेत्रातला सर्रास दिला जाणारा एखादा सल्ला तुमच्या कामात चालत नाही, तर का नाही? तिसरी मोजमापाची: काहीतरी स्वतः मोजलेलं, तपासलेलं, शेजारी शेजारी ठेवून पाहिलेलं. सर्च इंजिनमध्ये विषयाचा शब्द टाकून पुढे ‘का’, ‘कसं’, ‘किती’, ‘किंवा’ लिहिलं की खाली येणाऱ्या सूचनांतून लोक काय शोधतात ते दिसतं. हे जरूर करा, पण त्याच सूचना बाकीच्यांनाही दिसत असतात. प्रश्न तिथून घ्यावा, उत्तर स्वतःच्या कामातून द्यावं.

आता प्रत्यक्ष सुचवण्याची बैठक. २५ मिनिटांचा टायमर लावा, एकच विषय घ्या आणि २० कल्पना लिहा. वीस हा आकडा मुद्दाम मोठा आहे. पहिल्या सात-आठ ओळी कुणालाही सुचतील अशाच येतात. मग एक रिकामा टप्पा येतो आणि बहुतेक जण तिथेच ‘आज काही सुचत नाही’ म्हणून उठतात. कामाचं त्यानंतर येतं. मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली हेच मोजलं होतं: वेळ सरकतो तशी उत्तरं अधिक वेगळी होत जातात. त्यामुळे रिकाम्या टप्प्यात पेन खाली ठेवायचं नाही. अगदी फालतू ओळ सुचली तरी लिहायची. एका ओळीतही ‘हे चालेल का?’ असा विचार केला तरी गती मोडते. जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत मांडली, तेव्हा परीक्षण नंतर करायचं हा तिचा मूळ नियमच होता.

त्याच पद्धतीचा दुसरा भाग, म्हणजे घोळक्याने बसून सुचवणं, मात्र तितका खरा ठरला नाही. येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगात चौघांच्या गटापेक्षा, वेगवेगळ्या बसलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर जास्त कल्पना निघाल्या. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात डोक्यातलं निसटतं. तुम्ही टीममध्ये काम करत असाल तर आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावं, मग याद्या टेबलावर याव्यात. ६-३-५ ही पद्धत यासाठी सोयीची आहे: ६ जण, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत, म्हणजे ३० मिनिटांत, १०८ ओळी जमतात. त्यात पुनरावृत्ती भरपूर असते, पण दुसऱ्याच्या ओळीवर रचलेली तिसरी-चौथी ओळ पाहण्यासारखी असते.

एकट्याने बसणाऱ्यासाठी आमचं आवडतं साधन म्हणजे तक्ता. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी प्रश्नाचे घटक सुटे करून त्यांच्या सगळ्या जोड्या तपासायची जी रीत रुळवली, तिचं हे साधं रूप. तीन रकाने आखा. पहिल्यात वाचक: पहिलंच झाड आणणारा, सारखा प्रवास करणारा, ऊन न येणाऱ्या खोलीत राहणारा, चार झाडं मेल्यावर हात टेकलेला. दुसऱ्यात वेळ: झाड आणल्याचा दिवस, पहिलं पान गळतं तेव्हा, कुंडी बदलताना, आठवडाभर घर बंद असताना. तिसऱ्यात मांडणी: तपासयादी, दोन पर्यायांची तुलना, एका चुकीची चिरफाड, एकाच प्रश्नाचं उत्तर. ४ × ४ × ४ म्हणजे ६४ जोड्या. यातल्या बहुतेक निरुपयोगी असतात आणि ते गृहीतच धरायचं. पाच-सहा चांगल्या निघाल्या तरी बैठक सार्थकी लागली. तक्ता फसतो तो रकान्यात ‘सर्व वाचक’, ‘नेहमी’, ‘माहिती’ असे गुळगुळीत शब्द भरल्यामुळे. प्रत्येक घर इतकं नेमकं असावं की तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहील.

भाषा-मॉडेलवर चालणारी एआय साधनं वापरायची असतील तर स्वतःच्या वीस ओळी झाल्यावर वापरा. ती आधी जे सुचवतात ते सहसा सगळ्यांत जास्त लिहिलं गेलेलं असतं. म्हणून त्यांच्या यादीशी आपली यादी ताडून जुळणाऱ्या ओळी खोडणं, हा त्यांचा फार चांगला उपयोग आहे. उलट क्रम केला तर त्यांच्याच ओळींभोवती आपलं डोकं फिरत राहतं.

सुचवणं आणि निवडणं यांत किमान एक रात्र जाऊ द्यावी. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सर्जनशील विचाराचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उजळणं आणि पडताळणी. नवखे दुसऱ्या टप्प्यावर विसंबतात आणि पहिला गाळतात. ज्यावर झटलोच नाही ते मुरणार कसं? चालण्याबद्दलही इथेच सांगायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या प्रयोगांत चालताना लोकांना जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. मात्र एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामात चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. तेव्हा सुचवायला चाला, निवडायला बसा.

निवडताना प्रत्येक कल्पनेला तीन प्रश्नांवर ० ते २ गुण द्या. ‘अमुक माणूस, अमुक ठिकाणी अडलेला, हे वाचून किंवा पाहून अमुक करू शकेल’ हे एका वाक्यात लिहिता येतं का? माझ्याकडे किमान दोन ठोस उदाहरणं किंवा पुरावे आहेत का? हातात आहे तेवढ्या वेळात हे पूर्ण होईल का? चार किंवा जास्त गुण मिळाले तर पुढे. पुराव्याला शून्य असेल तर एकूण गुण कितीही असोत, कल्पना साठ्यात परत. अशा कल्पनेचं लिखाण दुसऱ्या परिच्छेदात सामान्य उपदेशावर घसरतं.

पुढे आलेल्या कल्पनेची दहा मिनिटांची चाचणी घ्या: शीर्षक आणि खाली पाच मुद्दे. तिसऱ्या मुद्द्याला अडलात तर कल्पना पातळ आहे. तिची छोटी रील किंवा पोस्ट करा. पाचाचे बारा झाले तर आवाका मोठा आहे. अर्ध्यावर पडणारं काम बहुतेक वेळा इथेच ओळखता येतं. वाचक तोच ठेवून प्रसंग एकच घ्या: ‘पाणी कसं घालावं’ याऐवजी ‘माती वरून कोरडी, आत ओली असेल तेव्हा’.

हे सगळं आहे तसं उचलायचं नाही. सहा आठवडे एक साधी शीट ठेवा: कल्पना, ती कुठून आली, दिवसाच्या कोणत्या वेळी, पूर्ण झाली की नाही. सहा आठवड्यांनी पाहताना कोणत्या स्रोतातून जास्त कल्पना आल्या हे मोजू नका. कोणत्या स्रोतातल्या कल्पना पूर्ण झाल्या ते मोजा. हे दोन आकडे बऱ्याचदा उलटे असतात, विशेषतः ट्रेंड पाहून घेतलेल्या कल्पनांच्या बाबतीत. ज्या स्रोतातून एकही काम तडीस गेलं नाही तो पुढच्या सहा आठवड्यांसाठी बंद करा आणि तो वेळ ज्यांतली सगळ्यात जास्त कामं पूर्ण झाली त्या दोन स्रोतांना द्या. याच काळात नोंदींचं अ‍ॅप बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.