आकाशवाणी-दूरदर्शनच्या डिजिटल विभागात उन्हाळी इंटर्नशिप: तयारी आणि प्रत्यक्ष काम

प्रसार भारतीच्या एखाद्या केंद्रात डिजिटल माध्यमांची इंटर्नशिप करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: तेथे साहित्याची टंचाई नसते, टंचाई असते ती नेमक्या नोंदींची. मुंबईच्या नभोवाणीचा इतिहास 23 जुलै 1927 पर्यंत मागे जातो, मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि नागपूर व पुणे येथील आकाशवाणी केंद्रे सत्तरहून अधिक वर्षे मराठीतून प्रसारण करीत आहेत. पूर्वी टेप महाग असल्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभरच्या प्रसारण संस्थांमध्ये होती. तरीही जे टिकले आहे ते आज यूट्यूब, ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅप आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सुरू झालेला ‘वेव्हज’ हा ओटीटी मंच यांच्यामार्फत नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचू शकते. मात्र गायक कोण, साथीला कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षीचे, एवढे जरी लिहिलेले नसेल, तर ती चित्रफीत शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही. म्हणून नोंद करण्याचे काम आधी शिकावे आणि रील बनवण्याकडे नंतर वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्जाची तयारी उन्हाळ्याच्या बरीच आधी, शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करावी, कारण सरकारी कार्यपद्धतीत पत्राला मंजुरी मिळण्यास वेळ लागतो आणि एप्रिलच्या अखेरीस पाठवलेला अर्ज सुट्टी संपेपर्यंत टेबलावरच राहू शकतो. प्रसार भारतीच्या अधिकृत संकेतस्थळावरील सूचना नियमितपणे पाहाव्यात आणि पात्रता, कालावधी, मानधन या बाबतीत सूचनेत जे छापले असेल तेच खरे मानावे. त्याच वेळी आपल्या महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांचे शिफारसपत्र घेऊन जवळच्या केंद्राच्या केंद्रप्रमुखांकडे चौकशी करावी. वरळीचे दूरदर्शन आणि चर्चगेटजवळची मुंबई आकाशवाणी यांच्याकडेच सर्वांची धाव असते. परंतु जळगाव, परभणी, रत्नागिरी, सांगली किंवा पणजी येथील आकाशवाणी केंद्रातही शिकण्यासारखे पुष्कळ असते, आणि लहान केंद्रात माणसे कमी असल्यामुळे विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष काम लवकर येते. प्रवेश मिळवून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्या कोणाशीही व्यवहार करू नये.

अर्जासोबत नमुना म्हणून चकचकीत माँटाज (वेगवेगळ्या दृश्यांचे तुकडे जोडलेली चित्रफीत) जोडण्यापेक्षा तीन मिनिटांची एक स्वच्छ ध्वनिमुद्रित मुलाखत, तिचा शब्दशः लिहून काढलेला मजकूर आणि शंभर शब्दांचे परिचयपर वर्णन जोडावे, कारण निवड करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून कान, भाषा आणि चिकाटी या तिन्ही गोष्टींचा अंदाज येतो. केंद्रात जाण्यापूर्वी 1990 चा प्रसार भारती कायदा, निदान त्यातील कलम 12, अवश्य वाचावे. लोकांना माहिती देणे, शिक्षित करणे आणि त्यांचे मनोरंजन करणे हे महामंडळाचे प्राथमिक कर्तव्य तेथे सांगितले आहे; शेती, ग्रामीण विकास, स्त्रिया, मुले, प्रादेशिक भाषा यांचाही त्यात उल्लेख आहे. कोणत्या विषयाची चित्रफीत आधी करायची असा प्रश्न पडला, की प्रेक्षकसंख्येच्या आलेखाबरोबर हे कलमही समोर ठेवता येते.

पहिल्या आठवड्यात संगणकाशी कमी आणि माणसांशी अधिक बोलावे. कार्यक्रम विभाग, अभियांत्रिकी विभाग आणि वृत्त विभाग हे तिन्ही एका छताखाली असले तरी त्यांची कामे आणि जबाबदाऱ्या वेगळ्या असतात, आणि कोणत्या फाइलवर कोणाची संमती लागते हे त्यांच्याकडूनच कळते. आकाशवाणीत ड्युटी रूममध्ये, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या खोलीत, बसून एक पूर्ण सभा (दिवसाच्या प्रसारणाचा एक सलग भाग) ऐकावी, क्यू-शीट, म्हणजे कार्यक्रमांचा वेळेनुसार क्रम लिहिलेला तक्ता, कशी भरली जाते ते पाहावे, आणि निवेदक मजकूर हाती आल्यावर तो मनाशी कसा वाचून घेतो याकडे लक्ष द्यावे. ग्रंथालय सांभाळणाऱ्या व्यक्तीशी ओळख करून घेणे तर सर्वांत महत्त्वाचे, कारण कोणत्या खोक्यावरील लेबल विश्वासार्ह आहे आणि कोणते नाही, याचे ज्ञान बहुधा त्या एकाच व्यक्तीजवळ असते आणि ती निवृत्त झाली की तेही जाते.

आता नोंदीविषयी सविस्तर लिहितो. जुनी टेप डिजिटल स्वरूपात आल्यानंतर तिच्यासाठी जे टिपण तयार करायचे, त्यात कलाकाराचे पूर्ण नाव, राग, ताल, रचनेचा प्रकार, तबला आणि संवादिनीच्या साथीदारांची नावे, निर्माता, केंद्र, टेप क्रमांक आणि कालावधी यायला हवा. ध्वनिमुद्रणाची तारीख आणि प्रसारणाची तारीख या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. खोक्यावर बहुतेकदा एकच तारीख असते आणि ती कशाची हे लिहिलेले नसते, म्हणून खात्री होईपर्यंत ‘खोक्यावरील तारीख’ असेच नोंदवावे. साथीदारांची नावे गाळण्याची सवय फार जुनी आहे आणि ती मोडण्याची संधी डिजिटल विभागाला मिळाली आहे, याचे मला मनापासून महत्त्व वाटते. लेबलवर नाव नसेल तर मध्येच होणाऱ्या निवेदनातून किंवा अखेरच्या श्रेयनामावलीतून ते मिळू शकते, त्यामुळे फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असे मानू नये.

यूट्यूबवरील शीर्षक मराठीत द्यावे, परंतु वर्णनात मुख्य नावे रोमन लिपीतही लिहावीत, कारण मराठी श्रोत्यांपैकी अनेक जण शोध त्या लिपीत घेतात आणि परदेशी वाढलेल्या मुलांना तर तीच सोयीची असते. सर्व मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांत बदलतो आणि शोधात येत नाही, म्हणून कार्यालयातील जुनी कागदपत्रे वापरताना ती आधी रूपांतरित करून ताडून पाहावीत. चित्रसंपादनाच्या काही प्रणालींमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडते. पडद्यावर तुटलेले मराठी जाणे ही सार्वजनिक प्रसारकाच्या बाबतीत क्षुल्लक बाब नाही.

जुन्या चित्रफितींचे तांत्रिक स्वरूपही समजून घ्यावे लागते. दूरदर्शनचे जुने चित्रीकरण 4:3 या प्रमाणात, सेकंदाला 25 चित्रचौकटी आणि प्रत्येक चौकट सम-विषम ओळींच्या दोन भागांत, अशा पद्धतीचे असते. ते तसेच चढवले तर लावणीतील गिरकी किंवा तबलजीचा हात पडद्यावर कंगव्याच्या दातांसारखा फाटलेला दिसतो. त्यामुळे प्रथम डीइंटरलेसिंग, म्हणजे त्या दोन भागांतून सलग चौकटी तयार करण्याची प्रक्रिया, करावे आणि चित्र 16:9 मध्ये ताणून माणसे रुंद करू नयेत. मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी चित्र पूर्ण उंचीने भरायचे ठरवले, तर 4:3 चित्राची जेमतेम 42 टक्के रुंदी उरते आणि गायकाबरोबर बसलेले साथीदार कापले जातात. त्याऐवजी 1080 बाय 1920 च्या चौकटीत संपूर्ण चित्र 1080 बाय 810 या आकारात ठेवावे आणि वरखाली उरलेल्या जागेत नावे व तारीख द्यावी.

आवाजाच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. खरखर काढून टाकणारी साधने सतत एकसारख्या येणाऱ्या ध्वनीला गोंगाट समजतात, आणि तानपुरा नेमका तसाच सतत वाजणारा असतो. साधन जोरात लावले की खरखरीबरोबर तानपुराही विरतो आणि गाणे पोकळ वाटू लागते. थोडी खरखर राहिलेली चालते. मूळ फाइल कधीही बदलू नये, सर्व प्रक्रिया प्रतीवरच करावी आणि काय केले ते नोंदीत लिहावे.

उपशीर्षकांचे काम कंटाळवाणे वाटले तरी मागून घ्यावे. यंत्राने लिहिलेला मजकूर गावांची नावे, आडनावे आणि औषधांची प्रमाणे यांत हमखास चुकतो, आणि शेतीविषयक कार्यक्रमात फवारणीचे प्रमाण चुकले तर नुकसान शेतकऱ्याचे होते. अशी संख्या तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय जाऊ देऊ नये. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्याचे वाक्य प्रमाण मराठीत बदलून लिहू नये. ते बोलले तसेच लिहावे आणि अनोळखी शब्दाचा अर्थ गरजेपुरता द्यावा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने ते एकटेच पुढच्या चौकटीत ढकलले गेले, तर होकार की नकार हे वाचकाला उशिरा कळते, म्हणून चौकट तोडताना कर्म आणि क्रियापद एकत्र ठेवावे.

हक्कांचा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःच्या अंदाजाने सोडवू नये. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षे, कलाकाराचा सादरीकरणावरील हक्क 50 वर्षे आणि प्रसारण संस्थेचा प्रसारणावरील हक्क 25 वर्षे टिकतो. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क त्याहून निराळे मोजले जातात. एखादे चित्रपटगीत आकाशवाणीवर नित्य वाजते, याचा अर्थ ते केंद्राच्या यूट्यूब वाहिनीवर चढवण्याची परवानगी आहे असा होत नाही. जुन्या करारात इंटरनेटचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते, त्यामुळे प्रत्येक वेळी लेखी विचारावे आणि आलेले उत्तर नोंदीला जोडावे.

वृत्त विभागासाठी काम करताना घाई हा सर्वांत मोठा धोका आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या बालकाची ओळख थंबनेल, घराचे दृश्य किंवा शाळेचा गणवेश यांतूनही उघड होऊ शकते, आणि तसे करणे कायद्याने गुन्हा आहे. निवडणुकीच्या काळात मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत निवडणूकविषयक मजकुरावर निर्बंध असतात. आधी वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट या काळात आपोआप प्रसिद्ध होऊ नयेत, म्हणून त्यांची यादी वेळेवर वरिष्ठांना दाखवावी. दुरुस्ती करावी लागली तर ती गुपचूप न करता वर्णनात नमूद करण्याचा आग्रह धरावा.

इंटर्नशिप संपण्याच्या आठवड्यात नवे काम हाती घेऊ नये. केलेल्या प्रत्येक फाइलचे नाव, ती कोठे ठेवली आहे, नोंदीतील कोणत्या रकान्यांची खात्री झालेली नाही आणि कोणाचे उत्तर यायचे आहे, हे लिहिलेला तक्ता कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे द्यावा, आणि स्वतःच्या मोबाइलवर सुरू असलेली केंद्राची खाती त्यांच्यासमोर बंद करावीत. पुढील अर्जांसाठी नमुने हवे असतील तर केंद्राच्या फाइल पेनड्राइव्हवर नेऊ नयेत. प्रसिद्ध झालेल्या चित्रफितींचे दुवे वापरावेत आणि प्रमाणपत्रात आपण नेमके कोणते काम केले याचा एका ओळीत उल्लेख करण्याची विनंती केंद्रप्रमुखांना लेखी करावी.