क्षमावणीच्या आदल्या रात्री काय करावं

भाद्रपद शुद्ध पंचमीला आपलं दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व सुरू होतं, अनंत चतुर्दशीला संपतं, आणि वद्य प्रतिपदेला क्षमावणी, म्हणजे एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. त्या दिवशी पहाटेपासून मोबाइलवर फुलांची चित्रं येऊन पडतात, ‘कळत नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा’. सगळ्या नातेवाइकांना एकदम. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून ज्या चुलतभावाशी अबोला आहे, त्यालाही तेच चित्र जातं. याला मी क्षमा मागणं म्हणत नाही.

आदल्या रात्री सामायिकाला, म्हणजे मन शांत करून ध्यानाला बसा. दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. णमोकार मंत्र म्हणून झाला की वही घ्या आणि तीन-चारच नावं लिहा. शंभर नावं लिहिणाऱ्याला एकाच्याही दारात जायचं नसतं. नावासमोर आपण काय केलं ते लिहा. ‘वाद झाला’ असं नको. ‘आईच्या बांगड्यांतला बहिणीचा वाटा दिला नाही’, असं.

मग लिहिलेलं तपासा. मुनींनी आचार्यांपुढे आपले दोष सांगायचे, ती आलोचना. आणि तीही कशी खोटी होते, याचे दहा दोष आपल्याकडे सांगितलेत. माणसाचं मन किती लबाड, ते तिथं कळतं. गुरूंची सेवा करून आधी त्यांना मऊ करायचं, हा आकंपित दोष. लोकांनी पाहिलं तेवढंच कबूल करायचं, तो दृष्ट. मोठं सांगून बारीक लपवायचं, तो बादर. बारीक सांगून मोठं लपवायचं, तो सूक्ष्म. गलक्यात पुटपुटायचं, म्हणजे सांगितलंही आणि ऐकूही गेलं नाही, तो शब्दाकुलित. आणि आपल्यासारखाच दोष असलेल्यापाशी सांगायचं, तो तत्सेवी. पारावर दोघं भाऊबंद एकमेकांना ‘जाऊ दे रे’ म्हणतात ना, तसं. पेढ्यांचा पुडा पुढे करून क्षमा मागणाऱ्यांनी पहिला दोष पुन्हा वाचावा.

पर्वाचा दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा, म्हणजे नम्रतेचा. आठ मदांमध्ये, म्हणजे गर्वांमध्ये, कुळाचा, ज्ञानाचा मद आहे, तसा तपाचाही आहे. दहा उपवास केले, मिरवणूक निघाली, हार पडले, की तो माणूस धाकट्या जावेच्या दारात जायला तयार नसतो. उपवास नाही झाला तर एकाशन करा, दिवसातून एकदाच जेवा, पण त्या दारात जा.

तिथं गेल्यावर दोन वाक्यं पुरे. ‘मी हे केलं. चुकलं माझं.’ पुढे ‘पण तूही’ आलं की उठून घरी या, पुढच्या वर्षी बघू. बांगड्या सोबत न्या. समोरचा गप्प बसला, दार लावून घेतलं, तरी बस्तीत, आपल्या मंदिरात, जाऊन कुणाला सांगू नका. त्याचं उत्तर त्याच्यापाशी.

एक नाव हमखास राहतं. घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं. त्यांना क्षमावणी ठाऊक नसेल, म्हणून ‘उत्तम क्षमा’ म्हणून त्यांच्यापुढे हात जोडू नका, त्या घाबरतील. ‘त्या दिवशी चारचौघांत तुम्हाला बोलले, ते चुकलं’ एवढं म्हणा, आणि खाड्याचे कापलेले पैसे त्याच वेळी हातात द्या.