आयटीत शिरताना या चुका टाळा: कॉल येत नाही म्हणून पुन्हा नवा क्लास लावू नका

गेल्या दिवाळीत गावी आमच्या शेजारचा मुलगा भेटायला आला. बी.ई. होऊन दीड वर्ष झालेलं, पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. आधी जावाचा क्लास केला, मग टेस्टिंगचा, मग डेटा सायन्सचा. "ताई, आता क्लाउडचा लावू का?" असं विचारत होता.

"इंटरव्ह्यू किती झाले आतापर्यंत?"

"एकच. तोही मागच्या वर्षी."

तीन क्लासांची फी लाखाच्या पुढे गेली होती, आणि रेझ्युमे मात्र पहिल्या क्लासवाल्यांनी बनवून दिलेलाच फिरत होता. त्याच क्लासच्या आणखी शे-दीडशे मुलांचाही तसाच असणार.

गाडी किक मारून चालू होत नसेल तर आपण आधी पेट्रोल बघतो, मग प्लग. थेट इंजिन उतरवायला कोणी बसत नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र पोरं थेट इंजिनच उतरवतात. पुण्यात खराडीतल्या एका आयटी कंपनीत मी सहा वर्षं फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतेय. माझ्या पाहण्यात माणूस चारपैकी एका ठिकाणी अडतो: कॉलच येत नाही, ऑनलाइन टेस्टमध्ये उडतो, टेक्निकल राउंडला पडतो, किंवा सगळं होऊनही जॉइनिंग लटकतं. प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी. तुमची गाडी कुठे अडतेय ते एका वहीत लिहून काढा: कुठे अर्ज केला, कधी केला, कुठवर पोचलात. पन्नास नोंदी झाल्या की आपोआप दिसतं.

कॉलच येत नसेल

तर शिकण्यात कमी आहे असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा तुमचा कागद माणसाच्या हातात पोचतच नाही.

आधी पात्रता बघा. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअरची कामं करणाऱ्या) ड्राइव्हला, म्हणजे एकगठ्ठा भरतीला, दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे 60 टक्के आणि एकही बॅक (नापास राहिलेला विषय) शिल्लक नको, ही अट सर्रास असते. बारावीला 56 असतील तर ती ड्राइव्ह तुमच्यासाठी नाही, तिथे सहा महिने घालवू नका. बाणेर, कोथरूड, विमाननगरला वीस-पंचवीस जणांच्या कितीतरी कंपन्या आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना तुमच्या बारावीशी काही देणंघेणं नसतं. केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर अप्रेंटिसशिप निघतात. स्टायपेंड बेताचाच असतो, पण वर्षभराचा खरा अनुभव मिळतो.

मग रेझ्युमे. कॅन्वावरचा दोन कॉलमचा, डाव्या बाजूला फोटो आणि निळी पट्टी असलेला रेझ्युमे दिसायला छान असतो, पण तो आधी सॉफ्टवेअर वाचतं. एक साधी परीक्षा करा. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कॉलेजच्या नावाच्या मधोमध 'पायथन' आणि मोबाइल नंबरशेजारी 'टीमवर्क' आलं, तर सॉफ्टवेअरलाही तीच खिचडी दिसण्याची शक्यता आहे. एकच कॉलम, एकच पान ठेवा. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, तळाचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. आणि 'जावा 80 टक्के' असे पट्टे काढाच. उरलेले 20 कोणी मोजले हे मला आजवर कळलेलं नाही.

नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर 'अलीकडे कोण सक्रिय होतं' अशी चाळणी लावू शकतो, म्हणून दर दोन-चार दिवसांनी लॉगिन करून प्रोफाइलमध्ये काहीतरी नीट करत राहा.

रेफरल, म्हणजे कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून शिफारस, मागतानाची चूक तर रोजची. 'हाय मॅम, जॉब असेल तर सांगा' या मेसेजवर मी काय करू? माझ्या कंपनीच्या करिअर पेजवरून जॉब आयडी शोधा आणि लिहा: 'मॅडम, या आयडीसाठी अर्ज करतोय, स्प्रिंग बूटमध्ये (जावाचं एक फ्रेमवर्क) हा प्रोजेक्ट केलाय, रेझ्युमे सोबत जोडलाय.' मला पोर्टलवर टाकायला दोन मिनिटं लागतात, आणि मी टाकते.

टेस्टमध्ये उडत असाल

तर इथे क्लास नको, सराव हवा. काळ-काम-वेग, टक्केवारी, लॉजिकल. रोज तासभर, घड्याळ लावून. टीसीएसच्या एनक्यूटी या भरती परीक्षेत निंजा, डिजिटल, प्राइम अशा चढत्या पगाराच्या पायऱ्या आहेत आणि त्यातली कुठली वाट्याला येणार हे परीक्षेतल्या कामगिरीवर बरंचसं ठरतं. ॲप्टिट्यूड उरकून कोडिंगचा भाग सोडून देणारे पगारातला मोठा फरक तिथेच सोडून येतात.

टेक्निकल राउंड: खरी पडझड इथे

मी रेझ्युमेवरची गिटहबची (कोड ठेवायची साइट) लिंक उघडते. फूड डिलिव्हरी ॲप, नाहीतर नेटफ्लिक्सची नक्कल. एकच कमिट (बदल साठवल्याची नोंद), रात्री दोन वाजता, खाली 'फर्स्ट कमिट' एवढंच. यूट्यूबवरच्या शिकवणीतलं उतरवलेलं आहे हे तेवढ्यातच कळतं. उतरवायला माझी हरकत नाही, सगळे तसेच शिकतात. पण त्यात स्वतःचं एक तरी काहीतरी घाला. गावातल्या दूध डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब काढणारं छोटं ॲप मला नेटफ्लिक्सपेक्षा आवडेल, कारण फॅट कमी लागली तर दर कसा बदलतो हे तुम्हाला माहीत असतं आणि त्यावर बोलता येतं. जाता जाता: डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल गिटहबवर चढवू नका. नंतर फाइल डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. पासवर्डच बदलावा लागतो.

आता एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचा, तो जगप्रसिद्ध प्रश्न: दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. सगळ्यांचं पाठ असतं. पगार उतरत्या क्रमाने लावा, लिमिट 1, ऑफसेट 1, म्हणजे पहिली ओळ सोडून पुढची एक. मी म्हणते, सगळ्यात वरचा 90 हजार पगार दोघांना आहे, आता काय येईल? इथे शांतता. उत्तर पुन्हा 90 हजारच येतं, म्हणून आधी डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणारं) लावावं लागतं किंवा डेन्स रँक (सारख्या पगाराला एकच क्रमांक देणारी) वापरावी लागते. त्या पुढचा माझा प्रश्न: सगळ्यांचा पगार सारखाच असेल तर? हे येणं न येणं वेगळं. 'थांबा मॅडम, चार ओळींचं टेबल काढून बघतो' म्हणणाऱ्या मुलाला मी पुढच्या राउंडला पाठवते. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्यांदा म्हणणाऱ्याला नाही.

इंग्रजीचं भय हा आमच्या मराठी माध्यमवाल्यांचा जुना रोग, मीही त्यातलीच. एक मुलगा 'मायसेल्फ'पासून सुरू झाला आणि दोन मिनिटं न अडखळता बोलला. मग मी विचारलं, लॉगिनचं बटण दाबल्यावर नक्की काय होतं? गप्प. म्हटलं, मराठीत सांग. मग ब्राउझरकडून विनंती कशी जाते, सर्व्हर पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) कसा ताडून बघतो, ओळख पटल्याचं टोकन कसं परत येतं, सगळं त्याने सांगितलं. त्याला विषय येत होता, सराव मात्र स्वतःची ओळख करून देण्याचाच केलेला. प्रत्येक पॅनलवर मराठी माणूस नसतो, म्हणून प्रोजेक्ट इंग्रजीत समजावून सांगताना मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. मोडकं चालतं, फक्त वाक्य पूर्ण करा.

आणि ऑनलाइन इंटरव्ह्यूत बाजूच्या स्क्रीनवर चॅटजीपीटी उघडून वाचू नका. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात हो.

शॉर्टकटचा धंदा

'तीन वर्षांचा अनुभव लावून देतो' म्हणत खोटा अनुभव विकणारे पुण्यात कमी नाहीत. पत्र देतात, पगाराच्या स्लिपा देतात. पण 2014 पासून पीएफसाठी यूएएन हा नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर आहे. कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडली हे त्या एका नंबरवर दिसतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे तुम्ही दिलेली माहिती कंपनी तपासते तेव्हा, तो इतिहास मागतात. जॉइन होऊन पाच महिन्यांनी रिपोर्ट आला आणि त्याच दुपारी लॅपटॉप जमा करून माणूस गेटबाहेर, हे मी पाहिलंय.

रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचं कुरिअर अशा नावाने पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं अवघड.

बाँडवर, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी सोडणार नाही अशा करारावर, 'कोर्टात टिकत नाही हो' असं म्हणत डोळे झाकून सही करतात. अर्धवट माहिती. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे जायचंच नाही, अशी अट कंत्राट कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची अट मात्र टिकू शकते: मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांच्या आत सोडल्यास 2 लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. तेव्हा रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा. मूळ मार्कशीट मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

ऑफर आहे, जॉइनिंग नाही

ऑफर लेटर आलं की गावात पेढे वाटले जातात आणि अर्ज करणं बंद होतं. पुढे तारीख सरकत राहते, तीन महिने, सहा महिने. या काळात वही बंद करू नका, इंटरव्ह्यू देत राहा. आणि साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला तीस हजार नव्हेत. त्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. हातात किती येणार ते एचआरला मेलवर विचारा. राहायची खोली त्या आकड्यावर ठरवा, आणि ती हिंजवडी आयटी पार्कच्या कुठल्या फेजला ऑफिस आहे हे कळल्यावरच घ्या. फेज 1 आणि फेज 3 यांच्यात सकाळी नऊ वाजता किती अंतर असतं, ते तिथे बसमध्ये उभं राहिलेल्यालाच विचारा.